दोन क्रियापदं

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

समोरच्या घरातले आराम त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकाचं अकरावं प्रकरण परत घेऊन आले. एप्रिलमध्ये ह्याच प्रकरणाखाली त्यांनी रेघ ओढून तारीख घातली होती. पुस्तक संपलं म्हणून आम्ही माझ्या स्वयंपाकघरात उभ्यानंच कॉफी प्यायलो होतो. गेल्या महिन्यात वॉशिंग्टनला आर्मेनिया आणि अझरबैजानच्या कागदांवर सह्या झाल्या — आणि शेवट काही शेवट राहिला नाही.

‘माझा देश मला पुस्तक संपवू देत नाही, फ्राऊ विभा,’ म्हणाले.

मी अरेरे म्हटलं. मनातून बरं वाटलं! इथे कोण वाचतंय, लिहून टाकते. पुस्तक संपलं की ते आर्मेनियात, येरेवानला जाणार, कायमचे. त्यांची शुशान आत्या तिथे भाड्याच्या एका खोलीत एकटी असते. ती कराबाखची. दोन वर्षांपूर्वी अझरबैजाननं तो डोंगराळ मुलूख घेतला, तेव्हा तिथले लाखभर आर्मेनियन आठवड्याभरात घरंदारं टाकून निघाले, त्यांतली ती एक. अकरावं प्रकरण तिचंच आहे.

आणि ते गेले की समोरचं दार बंद. आमचे हे जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून ह्या जिन्यात ‘गूटन टाग’च्या पुढे माझ्याशी बोलणारं तेवढंच एक दार.

७ सप्टेंबर, रविवार

ड्रेस्डेनहून तनयाचा फोन. आई, किती दिवस अशी नेकारसुल्मला एकटी बसणारेस, आमच्याकडे ये, खालच्या मजल्यावरचं घर रिकामं होतंय. जावईबापूंनी, सुमितनी, मागून ‘या आई, या’ म्हटलं. सियाला फोन दिला. ‘कशी आहेस गं?’ म्हटलं, तर ‘गूट, ओमा.’ अभ्यास काय चाललाय विचारलं, ‘श्पेटर, ओमा.’ नंतर, आजी. सगळं कळतं तिला. उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. चेंडू टाकावा मराठीत आणि परत यावा भलताच.

उद्यापासून माझी केरवोखे. जिना झाडायची पाळी. त्याची पाटी आज आराम दारावर अडकवून गेले. केर काढायच्या आठवड्याला इथले लोक केरवोखेच म्हणतात, ह्याचं आमच्या ह्यांना केवढं हसू यायचं! नवीन आलो होतो तेव्हा पुण्याला प्रत्येक पत्रात लिहायचे.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज अठ्ठ्याऐंशी सालच्या प्रकरणाच्या तळटीपा. आमची पद्धत ठरलेली आहे. सोमवारी आणि गुरुवारी ते पानं आणतात. त्यांची इंग्रजी विटा रचल्यासारखी — सगळ्या जागच्या जागी, पण चुना नाही. लंडनच्या लहानशा प्रकाशकाला ती तशी चालत नाही. माझी कॉन्व्हेंटची. मी पेन्सिल घेऊन बसते, ते समोर पोहे खात बसतात. पोहे ब्रेडला लावून! सांगून थकले.

बोलतो आम्ही जर्मनमध्ये, अडलं की इंग्रजीत. आज त्या वर्षीच्या, कराबाख आर्मेनियाला मिळावं म्हणून झालेल्या सभांचं सांगत होते. येरेवानच्या चौकात माणसांचा समुद्र, आराम तिशीतले मास्तर, मूठ वर करून उभे. मग सोव्हिएत राज्य गेलं, स्वातंत्र्य आलं, युद्ध आलं, आणि हिवाळ्यात ना वीज ना गॅस. घरातली फडताळं जाळली, मग जमिनीच्या लाकडी फळ्या उपटून जाळल्या.

‘पुस्तकं?’ मी विचारलं.

‘सगळ्यांत शेवटी. आणि पहिले पक्षाच्या अधिवेशनांचे अहवाल. त्यांच्यात ऊब बरीच निघाली.’

हे सांगताना ते हसत नाहीत, म्हणून मला जास्त हसू येतं.

सुलेखाचा पुण्याहून फोन आला तेव्हा ते बसलेलेच होते. आराम आलेत, नंतर बोलते म्हटलं. तर म्हणते, ‘ताई, तुझं बरं आहे. आमच्याकडे आराम कधी येतच नाही.’ ही ह्या वयातही अशीच. त्यांना नावाचा अर्थ सांगितला. विचार करून म्हणाले, ‘आईवडिलांनी नाव चुकीच्या देशात ठेवलं.’

१५ सप्टेंबर, सोमवार

आज पानं कमी, राजकारण जास्त. त्यांच्या सरकारचं म्हणणं, तह करायचा तर कराबाखला परत जायची भाषा बंद करा, नाहीतर पुन्हा युद्ध. विरोधकांचं म्हणणं, ही गद्दारी. आराम दोघांवरही चिडतात. ‘दोघंही माझ्या आत्याच्या नावानं बोलतात. तिच्या खोलीतला हीटर चालतो का, ते दोघांतला एकही विचारत नाही.’

मग मीच विचारलं, चालतो का?

म्हणाले, ‘हे तुम्हीच विचारलंत. पुस्तकात लिहायला हवं.’

दिवसभर बरं वाटत होतं त्या वाक्यानं. वेडीच आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आत्याचं पान आज झालं. त्यांना घाई होती. लंडनचं एक मासिक कराबाखमधून लोक निघाल्याच्या दुसऱ्या वर्षदिनाला पुस्तकातला तेवढाच भाग छापणार आहे, रात्रीपर्यंत पाठवायचा होता.

पान साधं आहे. सकाळची वेळ, शेजाऱ्याचा ट्रक हॉर्न मारतोय, आत्या अंगणातून मागे वळते, भिंतीवर हात ठेवते आणि घराला म्हणते — ग्नाम, गाम. आरामची चुलतबहीण नायरा ट्रकमध्ये बसली होती, तिनं ऐकलं आणि फोनवर त्यांना सांगितलं. त्यांनी इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवला होता. आय गो, आय कम.

एका वाक्यात दोन क्रियापदं, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. शाळेतल्या सिस्टर आग्नेस असत्या तर तांबड्या पेन्सिलीची रेघ कागदाच्या पार गेली असती. ‘वन थॉट, वन व्हर्ब, गर्ल्स!’ मी खोडून लिहिलं, आय ॲम लीव्हिंग. वाक्य कसं शांत बसलं. त्यांना म्हटलं एकदा नजर घाला. ‘तुम्ही पाहिलंत ना? मग झालं.’

कॅम्पातल्या त्या वर्गाची आज फार आठवण आली. निलगिरीची झाडं, घंटा, सिस्टरांच्या अंगाचा साबणाचा वास. मराठी बोललेलं कानावर आलं की गळ्यात लाकडी पाटी, शाळा सुटेपर्यंत. माझ्या गळ्यात फारदा नाही आली. मी गुणी मुलगी होते.

२५ सप्टेंबर, गुरुवार

छापून आलं! शिरा केला. त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाले, तुमच्या इंग्रजीत माझी आत्या राणीसारखी बोलते.

२९ सप्टेंबर, सोमवार

लिहू की नको. लिहिते.

आज ते पानं न घेता आले. हातात मासिकातल्या त्या भागाचा छापील कागद. बसले नाहीत. एका ओळीखाली पेननं रेघ मारलेली होती, कागदावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे?

आय ॲम लीव्हिंग.

काल रात्री नायराचा येरेवानहून फोन आला होता. ती ओरडलीसुद्धा नाही म्हणे. रडली. तिकडच्या विस्थापितांच्या संघटनेत तो भाग फिरतोय. सरकार म्हणतं परतीचं विसरा, आणि आता आपलाच माणूस लंडनमध्ये छापतो की कराबाखची म्हातारी घराला ‘मी सोडून चालले’ म्हणाली. तू पण आम्हाला तिथून उठवलंस का रे — असं विचारलं तिनं.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. ग्नाम म्हणजे जाते. गाम म्हणजे येते. त्यांच्या घरात बाहेर पडताना नुसतं जाते म्हणत नाहीत. जाऊन येते म्हणतात.

मला वाटतं मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण मला इतका आनंद झाला! जाऊन येते! अगदी आमचंच! तोंडातून निघून गेलं, ‘अहो, आम्हीही हेच म्हणतो. शब्दाला शब्द.’

त्यांनी कागदावरचं बोट उचललं. ‘म्हणजे तुम्हाला कळलं होतं?’

तेव्हा लक्षात नव्हतं आलं, असं सांगितलं असतं तर सुटले असते. खोटंही नव्हतं अगदी. पण बोलता बोलता माझं मलाच उमगत गेलं. आत कुठेतरी कळलंच असणार, म्हणून तर हात अडखळला नाही. मी म्हटलं, ‘आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच असतो, की निघते. दूधवाल्याकडे जातानासुद्धा म्हणतात. त्यातल्या येतेला काही अर्थ नसतो.’

‘तुमच्याकडे माणसं जातात आणि परत येतात,’ ते म्हणाले. ‘म्हणून तो शब्द तुम्हाला फालतू वाटतो. माझ्या आत्याकडे तेवढा एकच शब्द उरलाय. तोच तुम्ही नीटनेटकेपणासाठी काढलात.’

आवाज चढवला नाही. टेबलावरची बाराव्या प्रकरणाची माझ्याकडची पानं गोळा केली, कडा जुळवल्या आणि गेले. पोहे तसेच. समोरचं दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. हळूच लावून घेतलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. कोणी आलं नाही. ह्या इमारतीत सोनं कोणाच्या हातावर ठेवू?

५ ऑक्टोबर, रविवार

केरवोखेची पाटी फिरून माझ्याकडे आली. नेहमी बेल वाजवून, पाटी हातात देऊन, वर काहीतरी खोचक बोलून जातात. आज दाराच्या मुठीला अडकवलेली मिळाली. पाटीचा आवाजसुद्धा आला नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

जिना झाडत होते, तर एक तरुण जोडपं वर आलं. दोघंही इथल्या गाड्यांच्या कारखान्यातली असावीत, गळ्यात ओळखपत्रं. मला विचारलं, बेझिश्टिगुंग इथेच ना? घर बघायला आलेले. कोणतं घर विचारायची गरज नव्हती. आरामनी नोटीस दिली. पुस्तक संपायची वाट न बघता! डिसेंबरअखेर घर सोडणार.

मुलगी फार गोड हसली. मी त्यांना सांगितलं, घर उबदार आहे, संध्याकाळचं ऊन थेट स्वयंपाकघरात येतं. मी कधी त्या स्वयंपाकघरात ऊन बघितलंय? आराम सांगतात तेवढंच.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सुलेखाला फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. म्हटलं, बघ ना, एवढ्याशा ‘जाऊन येते’वरून! आपल्यात काय अर्थ असतो त्याला?

ती हसली नाही. मग म्हणाली, ‘ताई, तुझा कप्पा आठवतो का?’

कुठला कप्पा?

‘कपाटातला. वरून दुसरा.’

मग तिनं सांगितलं. चौऱ्याऐंशी साली मी निघाले, टॅक्सीत बसताना आईला म्हटलं जाऊन येते. सगळ्याच म्हणतात. मी गेल्यावर आईनं माझा कप्पा रिकामा केला, पुसला, खाली नवीन कागद घातला, आणि कोणाला हात लावू दिला नाही. सुलेखाचं लग्न व्हायचं होतं, तिच्या साड्या मावत नव्हत्या. तिनं भांडण केलं. आई म्हणाली, ‘ती येईल तेव्हा कुठे ठेवेल?’ आई, ती दोन आठवडे येते आणि बॅगेतूनच कपडे काढते, असं सुलेखानं तोंडावर सांगितलं. आई म्हणाली, ‘येते म्हणून गेलीय.’

आई असेपर्यंत तो कप्पा तसाच होता. मी दर दोन-तीन वर्षांनी जायची. बॅगेतूनच कपडे काढायची. कपाट कधी उघडूनही बघितलं नाही.

‘तुला सांगायचं नव्हतं,’ सुलेखा म्हणाली. ‘पण तू अर्थ नसतो म्हणालीस.’

१३ ऑक्टोबर, सोमवार

सवयीनं पोहे दोन माणसांचे भिजवले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

त्यांच्या घरातून खोकी बांधायचा आवाज. चिकटपट्टी ओढताना येतो तो. मी रेडिओ लावला, मग बंद केला. तो आवाज का होईना, त्यांचा आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला स्टुटगार्टला गेले नाही. तिथे नव्यानं आलेल्या मुली वाकून नमस्कार करतात, मावशी मावशी करतात, आणि नंतर आपापल्या टेबलाशी जातात. त्यांचं काही चुकत नाही.

डब्यात चिवडा आणि चार करंज्या भरल्या. समोरची बेल वाजवायला हिंमत करावी लागली. दार उघडलं. मागे सगळी भिंत मोकळी, पुस्तकं खोक्यांत. मला वाटलं होतं आधी माफी मागेन. वाक्यही तयार केलं होतं, चांगलं जर्मनमधलं. ते विसरले. दारातच उभ्यानं आईच्या कप्प्याचं सांगितलं. का सांगते आहे, ते सांगितलंच नाही.

त्यांनी डबा घेतला. दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

‘किती वर्षं?’ त्यांनी विचारलं.

‘एकोणीस.’

‘आणि तुम्ही परत जाणार नाही हे आईंना माहीत होतं?’

‘मला ठाऊक नाही.’

‘हम्म,’ म्हणाले. आणि मग, ‘गुरुजी असते तर चिवड्याबरोबर बिअर द्या म्हणाले असते.’ आमच्या ह्यांना ते गुरुदत्तचं गुरुजी करून हाक मारायचे. ह्यांनीच शिकवलेलं, चावटपणानं! मी चार वर्षांत पहिल्यांदा ती हाक ऐकली. डोळे भरून आले ते लपवायला मी करंजीत नारळ आहे, लवकर संपवा, असं काहीतरी बोलले.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

आले. पानं घेऊन. कागदांवर डबा ठेवलेला, वाळवलेल्या जर्दाळूंनी भरलेला. रिकामा डबा परत करायचा नाही, हे त्यांच्यातही आहे म्हणे.

नोटिशीचं विचारलं. ‘तो कागद गेला, फ्राऊ विभा. त्या मुलांनी सहीसुद्धा केली.’ म्हणजे जाणं पक्कं. बारा डिसेंबरचं विमान.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मनात येतं, हळूहळू करावं काम. एक पान दोन बैठकांत. पुस्तक प्रकाशकाकडे उशिरा गेलं तर काय बिघडणार आहे? पण पेन्सिल हातात आली की मला वाईट काम करता येत नाही. सिस्टर आग्नेसचे उपकार! आज अख्खं बारावं प्रकरण संपवलं. ते बघतच राहिले. ‘तुम्हाला मला घालवायची घाई झालेली दिसते.’ मी हसले. ह्यावर हसण्याशिवाय काय करायचं असतं?

१७ नोव्हेंबर, सोमवार

तनयाला सांगितलं, डिसेंबरनंतर बघू. ती म्हणाली, आई, तू दर वेळी कशाच्या तरी नंतर बघतेस.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शेवटचं पान. म्हणजे पुन्हा आत्याचंच. मासिकानं त्यांच्या वेबसाइटवर दुरुस्ती केली आहे, पण पुस्तकात काय घालायचं ते आम्ही दोघंही टाळत होतो. आज टाळता येईना.

त्यांनी लिहून आणलं होतं, आय विल रिटर्न. म्हटलं, हे जास्त झालं. हे फलकावर लिहितात, मिरवणुकीत. म्हातारी बाई भिंतीला असं म्हणत नाही. ते म्हणाले, आता हेच म्हणायची गरज आहे. तहाच्या कागदात तिचं नाव नाही, निदान माझ्या पुस्तकात तिचा हक्क असू दे. सगळं पुस्तक ह्या वाक्यापाशी येऊन थांबतं — अठ्ठ्याऐंशीचा चौक, दोन युद्धं, रस्ता बंद करून उपाशी ठेवलेले ते महिने — आणि शेवटी ही बाई, परत येते म्हणणारी.

मी विचारलं, तिला स्वतःला कधी विचारलंत?

नाही.

नायरानं ऐकलं, नायरानं सांगितलं. आत्या तिथलं काही बोलतच नाही. बोलली असती तर त्यांनी विचारलं असतं. असल्या गोष्टी तिला विचारायच्या नसतात.

मी म्हटलं, ‘आराम, तुम्ही इतिहासकार ना?’

‘हो. पण भाचाही आहे.’

मी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हटलं, माझी आई गेली तेव्हा मी इथे होते. त्या कप्प्याचं मला तिला विचारता आलं नाही. ते मनात ठेवूनच ती गेली; काय म्हणाली असती, त्याचे मी रोज दोन-दोन अर्थ लावते. एक मला हवा तो. तुम्हाला अजून विचारता येतंय.

त्यांनी पान पुढे ओढलं. शेवटी त्या ओळीवर पेन्सिलनं हलका गोल केला आणि पान वर ठेवून दिलं. प्रकाशकाला जानेवारीपर्यंत थांबायला सांगतो म्हणाले.

११ डिसेंबर, गुरुवार

उद्या. पोळ्या करून दिल्या, प्रवासात खायला. त्यांना मी विचारणार होते की न जाता काही करता येणार नाही का. आत्याला इकडे आणता येणार नाही का. सकाळपासून घोकत होते. ते आले, पोळ्यांचा वास घेतला आणि म्हणाले, आत्याच्या हातच्या लवाश रोटीसारखा येतो. चेहरा असा उजळला होता! सत्तरी जवळ आलेल्या माणसाचा चेहरा तसा मी पाहिला नव्हता. मग कसली विचारते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

टॅक्सी लवकर आली. बॅगा खाली गेल्या. जिन्यात दोघं समोरासमोर उभे राहिलो. निघताना काय म्हणायचं ह्यावर दोन महिने वाद घालून झाल्यावर दोघांनाही काही म्हणता येईना. शेवटी त्यांनी माझा हात हातात घेतला, मी त्यांच्या मफलरचं टोक कोटात खोचलं. ते उतरले. वळणापर्यंत बोटं कठड्यावर दिसत होती.

वर येऊन मी उभ्यानंच कॉफी प्याले.

१५ डिसेंबर, सोमवार

समोर रंगाऱ्यांची माणसं. दार सताड उघडं होतं, म्हणून आत डोकावले. दुपार कलली होती. स्वयंपाकघरात खरंच ऊन येतं! रिकाम्या ओट्यावर, पार नळापर्यंत. तीस वर्षं समोर राहून मी बघायला आले नव्हते. रंगारी म्हणाला, सुखन झी येमांडन? कोणाला शोधताय का? नाही म्हटलं.

दिवसात मी एवढंच बोलले. नाही. तेही जर्मनमध्ये. संध्याकाळी घसा खाकरला तर आवाज माझाच आहे का ते कळेना. मोठ्यानं मराठीत काहीतरी बोलावं म्हणून पाढे म्हटले. चौदा सक अडलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

तनयाला म्हटलं, ते खालचं घर अजून रिकामं आहे का विचार. तिला खरं वाटेना. मग म्हणाली, विचारते हं आई, आत्ता विचारते. सियानं मागून काहीतरी विचारलं आणि तनयानं मराठीतच उत्तर दिलं, आजी येतेय. पोरगी जर्मनमध्ये किंचाळली.

पोहोचल्याचा एक मेसेज सोडला तर येरेवानहून काही नाही.

२१ डिसेंबर, रविवार

दुपारी आरामचा फोन. त्यांनी आत्याला विचारलं. आधी ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, तसं म्हटलं ते घराला वाईट वाटू नये म्हणून. मी तर दार उघडंच टाकून आले. परत येणारी बाई कुलूप लावते.

सगळं पुस्तक ज्या वाक्यावर उभं केलं होतं, ते गेलं. ‘आय ॲम लीव्हिंग तुमचंच बरोबर होतं, फ्राऊ विभा. की चूक? मला आता समजत नाही. शेवटचं प्रकरण पुन्हा लिहायला हवं. कोणती क्रियापदं घालू?’

मी म्हटलं, पानं पाठवा, मी बघते. आणि ती काय म्हणाली ते राहू द्या. दार लिहा.